अण्णांची डावी बाजू

"मागं उभं राहू नका बाई. पुढं या. मागनं बघणाऱ्याची सावली कागदावर पडत्या."

दशरथअण्णा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य, आणि तेही मान न वळवता. खडेबाजारात एका बंद दुकानापुढे ते घडीच्या स्टुलावर बसले होते. डोक्यावर उन्हासाठी टॉवेल, मांडीवर जाड पानांची वही, हातात शाईपेन. रविवारची सकाळ होती आणि निम्मा बाजार अजून उघडायचा होता. त्या वर्षी माझ्या मुलीचा क्लास जवळच्याच बोळात भरायचा. हिंडलग्याहून तिला स्कूटरवर आणायचं आणि क्लास सुटेपर्यंत इकडेतिकडे फिरायचं, असा माझा रविवार. कुणीतरी रस्त्यात बसून चित्र काढतंय म्हटल्यावर मी थांबले, एवढंच.

मी पुढे गेले. त्यांनी समोरचा रस्ता काढला होता. एकावर एक चढलेले मजले, वर तारांचं जाळं, खाली केळ्यांची एक गाडी. एकही भिंत सरळ नव्हती, तरी तो खडेबाजारच होता.

"छान काढता हो," मी म्हणाले.

"छान न्हाय. केळीवाला दुकानापेक्षा मोठा झालाय. व्हय की न्हाय?" त्यांनी वहीचं एक पान सोडवलं, खिशातलं दुसरं पेन काढलं आणि दोन्ही माझ्यापुढे धरली. "बसा त्या पायरीवर. काढा."

"मला येत नाही."

"मला तरी कुठं येतंय? मी बी शिकालोय."

सत्तरीला टेकलेला माणूस "मी शिकालोय" म्हणतो, तेव्हा नाही म्हणायला तोंड राहत नाही. मी बसले. संध्याकाळी माझ्या मुलीने ते पान बघितलं आणि केळ्यांच्या गाडीवर बोट ठेवून विचारलं, "आई, हा पलंग आहे का?"

दशरथ कांबळे मूळचे निपाणीचे. वडील लवकर गेले, आई विड्या वळायची. शिष्यवृत्तीवर शिकले, नकाशे काढण्याचा कोर्स केला आणि बेळगावात इरिगेशनच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटले ते निवृत्तीपर्यंत. कालवे, बंधारे, पाटाचे दरवाजे, सगळं पट्टी आणि काटकोनाचा गुण्या लावून. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे घेऊन घरी आले, पट्ट्या आणि गुण्ये मात्र ऑफिसच्या टेबलावरच ठेवून आले. "आयुष्यभर सरळ रेघ मारली मी," ते सांगायचे. "कालवा वाकडा असंना, माझी रेघ सरळ. आता उघड्या डोळ्यांनी बघतो तर ह्या अख्ख्या बेळगावात एक भिंत सरळ न्हाय. मग कुणाचं चुकलं?"

त्यांच्या बायकोचं, सुमनआक्कांचं, यावर वेगळं म्हणणं होतं. "घरात बसून माझ्या भांड्यांची चित्रं काढाय लागले. पातेलं घासाय घेतलं की 'थांब, हलवू नको'. मग मीच हाकललं भाईर."

बाहेर म्हणजे सगळं बेळगाव. दर रविवारी सकाळी एक जागा. किल्ल्याचा तलाव, टिळकवाडीचं रेल्वे गेट, कॅम्पातले जुने बंगले, वडगावात त्यांच्याच घराजवळच्या विणकरांच्या मागांच्या गल्ल्या. मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले ती क्लासच्या निमित्ताने. मुलीचा क्लास संपला, ती पुढे हुबळीला शिकायला गेली, तरी माझा रविवार तसाच राहिला. घरचे हसायचे. पतसंस्थेत आठवडाभर आकड्यांत मान घालणारी बाई रविवारी उठून गटाराकाठी बसते आणि विजेचे खांब काढते, हे त्यांना पटवून सांगणं अवघडच होतं. मी सांगितलंही नाही.

शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे न शिकवण्याची. पेन्सिल नाही, रबर तर नाहीच. "खोडायचं न्हाय. चुकलेल्या रेघेच्या शेजारी बरोबर रेघ मार. दोघींचं पटतंय मग." माझं नाव रेखा. त्यावरून त्यांनी मला सोडलं नाही. "नाव रेखा, आणि हात बघा. आई-बापानं फसवलं की तुला." पण एकदा कपिलेश्वराजवळच्या रेल्वे पुलाचा उतार मला काही केल्या जमेना, पूल आकाशात चालल्यासारखा दिसायला लागला, आणि मी चिडून पान उलटायला लागले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "क्षितिज कुठं हाय सांग बघू?"

मी लांब बोट दाखवलं.

"न्हाय. तुझ्या डोळ्याच्या उंचीवर हाय. तू बसलीस की ते बी बसतंय, तू उठलीस की उठतंय. एवढं तुझं घरात तरी कोण ऐकतंय का?" मी हसले, आणि हसता हसता पूल खाली आला. आजही कुठे बसले की आधी ती एक आडवी रेघ मनात मारते, मगच पेन उघडते.

लोकांचा त्रास व्हायचाच. एकदा गणपत गल्लीत एका कापड दुकानदाराने चित्र बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याच्या पाटीवर अण्णांनी नुसत्या वेलांट्यांसारख्या वळणांच्या रेघा मारल्या होत्या. "हे कन्नड म्हणायचं का मराठी?" त्याने विचारलं. बाजूला चार माणसं जमली. आमच्याकडे हा प्रश्न पाटीपुरता राहत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. अण्णांनी पेनाचं टोपण शांतपणे लावलं. "पाटी काढल्या मालक, नाव न्हाय काढलं. वाचाय लागलं की काढायचं ऱ्हातंय." माणसं हसून पांगली. दुकानदाराने आम्हाला चहा पाजला, पण जाताना म्हणाला, "पुढच्या टायमाला नाव घाला. दोन्हीत घाला."

बहुतेकांना मात्र आम्ही मोजणीवाले वाटायचो. रस्ते रुंद होत होते, गटारं उकरलेली होती, आणि हातात कागद घेऊन घराकडे डोळे बारीक करून बघणारा माणूस म्हणजे घर पाडायला आलेला माणूस. शहापुरात एका म्हाताऱ्या बाईने तर दारातून येऊन अण्णांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. तिच्या घरापुढे पत्र्याची छोटी पडवी होती, रस्त्यावर आलेली. अण्णांनी तिला वही दाखवली, समजावलं. "आजी, मी सरकारचा न्हाय. हौस म्हणून काढतोय."

तिने चित्राकडे बराच वेळ बघितलं. "मग एवढी पडवी काढू नकोस बाबा," ती म्हणाली. "कागदावर आलं की जातंय."

अण्णांनी पडवी काढली नाही. तेवढी जागा पांढरी ठेवली. परत निघालो. रिक्षा थांब्यापाशी आल्यावर एवढंच म्हणाले, "मी काढलेल्या कालव्यात बी कुणाचं तरी घर गेलंच असंल की गं. आम्हाला नुसती रेघ दिसायची."

एका उन्हाळ्यात मी त्यांना नंदगडला, माझ्या माहेरी नेलं. घरासमोर वडाखाली बसून ते आमचं घर काढत होते. माझे थोरले चुलते आले, त्यांनी कौतुकाने बघितलं, आणि मग आमच्याकडे विचारतात तसं विचारलं, "पाव्हणं, आडनाव काय तुमचं?"

"कांबळे. निपाणीचा," अण्णा म्हणाले. पेन थांबलं नाही.

चुलत्यांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग आत गेले. आपल्या घराची आपल्यालाच खात्री नसावी, यासारखं लाजिरवाणं काही नसतं. थोड्या वेळाने चहा आला. चुलत्यांनी स्वतः आणला, आणि तेही तिथेच वडाच्या मुळावर बसून प्यायले. परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. "कप सगळे एकाच जोडातले होते बघ," ते म्हणाले. "मी बघितलं आधी." आणि मग हसले. मला हसता आलं नाही.

सगळीकडे फिरलो, पण निपाणी त्यांनी कधी काढली नाही. मी विचारायचे, ते टाळायचे. आईचं घर अजून होतं, तंबाखूच्या एका जुन्या वखारीला लागून, दोन खोल्यांचं, कौलारू. पुतण्याच्या ताब्यात होतं. आई दारातल्या दगडी कट्ट्यावर बसून विड्या वळायची आणि हे शेजारी पाटीवर रेघोट्या मारायचे. "ते काढाय हात तयार व्हायला पायजे," ते म्हणायचे. "खडेबाजार चुकला तर काय हुईत न्हाय. ते चुकून चालत न्हाय."

"तयार आहे की हात."

"अजून थोडा."

मग एक दिवस पुतण्याचा फोन आला. दिवाळीनंतर घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. त्यावर अण्णांनी स्वतःहूनच सांगितलं, "ह्या वर्षी निपाणी. पाऊस उघडला की जायचं." त्या उन्हाळ्यात ते कौलं काढायचा सराव करत होते. जिथे कौलारू छप्पर दिसेल तिथे स्टूल टाकायचे. "एकेक कौल काढायचं न्हाय गं, अख्खी वळ काढायची, रांगच्या रांग," असं मला सांगता सांगता स्वतःलाच सांगत असायचे.

पाऊस लागायच्या आधीच ते न्हाणीघरात पडले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. दवाखान्यात पोहोचले तेव्हा डावा हात आणि डावा पाय गेलेला. पंधरवड्याने वाचा नीट झाली, पायावर थोडा भार घेता यायला लागला. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलायचा, "उजवा हात वाचला बघा. नशीब. चित्रं तरी काढता येतील." मीही तेच म्हणाले होते. आक्कांचा हात धरून म्हणाले होते.

घरी आणल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी गेले. अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर उशी, उशीवर वही. हात पूर्वीसारखाच चालत होता. मला इतका आनंद झाला की मी दारातूनच "अण्णा!" म्हणून हाक मारली. त्यांनी मान वर केली आणि उजवीकडे, गजांच्या बाहेर बघितलं. मी डावीकडे, दारात उभी होते. मी पुन्हा हाक मारली. ते आणखी उजवीकडे वळले. मला वाटलं, थट्टा करताहेत.

मी पुढे जाऊन समोर उभी राहिले तेव्हा त्यांना दिसले. "कुठनं आलीस? खालनं?" त्यांनी वही माझ्याकडे वळवली. गॅलरीतून दिसणारी पाण्याची टाकी होती, मोबाईलचा टॉवर होता, वाळत घातलेले कपडे होते. सुंदर काढलं होतं. पण पानाच्या मधोमध सगळं थांबलं होतं. डावीकडचा गुलमोहर, त्यामागची दोन घरं, कोपऱ्यावरचं दुकान, काही नव्हतं. निम्मं पान कोरं.

"एवढंच काढायचं ठेवलंय?"

"एवढंच म्हंजे? झालं की पुरं. टाकी बघ, कशी आल्या."

स्वयंपाकघरात आक्का मला हळू आवाजात म्हणाल्या, "ताटात डाव्या अंगाची भाजी तशीच ऱ्हात्या. मी गुपचूप ताट फिरवते. मग म्हणतात, अरे, भाजी हाय की! दाढी बी एकाच गालाची करतात. मी काय करू सांग."

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. डोळ्यांना काही झालेलं नाही. मेंदूने डावी बाजू सोडून दिली आहे. त्यांना तिथे अंधार दिसत नाही, रिकामं दिसत नाही. तिथे काही आहे, हेच त्यांच्या लेखी नाही. सांगितलं तर कळेल, पण कळलेलं टिकणार नाही. काहींचं सुधारतं, काहींचं नाही.

उपाय म्हणून पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची. "लाल दिसेपर्यंत बघा" असं म्हणायचं. मी दर रविवारी तेच करू लागले. "अण्णा, लाल कुठंय?" ते मान वळवत वळवत आणायचे, कष्टाने, जड दार लोटावं तशी, आणि मग त्यांचा चेहरा उजळायचा. "अरे व्हय की! गुलमोहर हाय की हितं!" दोन फांद्या मारायचे. तेवढ्यात टाकीवर कावळा बसला, की गेले परत उजवीकडे, आणि गुलमोहर पुन्हा जगातून नाहीसा. पुढच्या रविवारी तोच गुलमोहर, तेच आश्चर्य. पावसाळाभर हे चाललं. पट्टी बदलली, जाड केली. काही उपयोग झाला नाही. मला ज्या माणसाने बघायला शिकवलं त्याला मी "बघा, बघा" म्हणत होते, आणि ते आज्ञाधारक मुलासारखे बघत होते, आणि दिसत नव्हतं.

त्या निम्म्या चित्रांचा आक्कांना फार त्रास व्हायचा. भिंतीवर लावलेली जुनी चित्रं आणि टेबलावर साठत चाललेली ही. एका दुपारी अण्णा झोपले होते. आक्कांनी टाकीचं ते पहिलं चित्र माझ्यापुढे ठेवलं. "तू काढ की गं उरलेलं. तुला येतंय. असं निम्मं बघवत न्हाय मला."

मी काढलं. त्यांच्याच पेनाने. गुलमोहर, घरं, कोपऱ्यावरचं दुकान. जमेल तितकं त्यांच्या हातासारखं. ते उठल्यावर मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी टाकी बघितली, मान डोलावली. मी बोट धरून त्यांची नजर डावीकडे आणली, लाल पट्टीपर्यंत.

ते बघत राहिले. "हे कुणी काढलं?"

"मी."

"माझ्या पानावर?" त्यांचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. "माझं झालं होतं की ते! येगळं पान घ्यायचं. पानांचा काय दुष्काळ पडलाय?"

"अण्णा, अर्धं राहिलं होतं..."

"कुणी सांगितलं अर्धं राहिलं? मी काढलंय न्हवं? मला कळत न्हाय पुरं कवा हुतंय ते?"

आक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी माफी मागितली आणि यापुढे नाही करणार म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचंच खरं होतं. पूर्ण झालेल्या चित्रावर कुणी येऊन काही गिरवून ठेवलं, तर मलाही राग आला असता.

दसरा झाला आणि पुतण्याचा पुन्हा फोन आला. आता घर रिकामं केलं होतं. आक्का नको म्हणत होत्या. तिथे जाऊन काय दिसणार यांना, म्हणाल्या. पण अण्णांनी स्वतःच वही पिशवीत घातली. "हात तयार झालाय आता," ते म्हणाले. ते ऐकून आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

भाड्याची गाडी करून आम्ही निपाणीला गेलो. गल्ली अरुंद होती, गाडी तोंडाशीच थांबवावी लागली. पुतण्याने खुर्ची आणून समोरच्या घराच्या सावलीत ठेवली. बसल्या जागेवरून उजवीकडे वखारीची लांब भिंत आणि डावीकडे घर. मला बसवण्याआधी सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही. अण्णांनी पेन उघडलं आणि वखार काढायला सुरुवात केली. उंच खिडक्या, गंजलेले गज, उडालेला चुना. मनापासून काढत होते. घर त्यांच्या डाव्या हातापासून दहा पावलांवरही नव्हतं.

"ते घर गेलं वाटतं," मधेच ते म्हणाले. "पाडलं बी. आपण उशिरा आलो."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आक्का रडू लागल्या. मी उठले, पुतण्याला खुणावलं, आणि आम्ही दोघांनी खुर्ची त्यांच्यासकट उचलून डावीकडे वळवली. बरीच वळवली, घर त्यांच्या उजव्या अंगाला येईपर्यंत.

"आँ?" ते म्हणाले.

त्यांनी नवं पान घेतलं. कौलं काढली, एकेक नाही, वळ काढली. दार काढलं. दाराच्या उजव्या हाताची खिडकी काढली. दाराच्या डावीकडे तो दगडी कट्टा होता, एका बाजूने खचलेला. मला वाटलं, आता पेन थांबणार, दाराशी. ते थांबलं नाही. उजवीकडे, खिडकीखाली, जिथे नुसती मोकळी भिंत होती, तिथे त्यांनी कट्टा काढला. खचलेला कोपरासुद्धा काढला. आणि कट्ट्यावर पाच-सहा रेघांत एक बसलेली बाई, मांडीवर सूप घेतलेली.

शेजारची एक बाई मघापासून मागे उभी होती. "पण कट्टा तर दाराच्या त्या अंगाला..." असं ती म्हणायला लागली, आणि आक्कांनी तिचं मनगट इतक्या जोरात दाबलं की ती गप्पच झाली.

अण्णांनी खाली सही केली. पान लांब धरून बघितलं. "जमलं का गं?" त्यांनी मला विचारलं. एवढ्या रविवारांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं.

"जमलं अण्णा."

दिवाळीनंतर घर पाडलं. अण्णांना ते सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "असूंदे. काढलंय आपण." पण त्यांची तब्येत खालावत गेली होती. एकदा जिन्यात पडता पडता वाचले, डावीकडचा कठडा दिसला नाही म्हणून. आक्कांचे गुडघे बोलायला लागले होते. मुलगा मिलिंद बंगळूरला नोकरी करतो, तो कधीपासून त्यांना तिकडे नेतो म्हणत होता. आक्का अडून बसल्या होत्या. शेवटी त्याच मला म्हणाल्या, "मी तरी किती ताटं फिरवू गं?"

ते निघाले त्या सकाळी मी वडगावात पोहोचले तेव्हा सामान गाडीत भरून झालं होतं. मिलिंदने आणि शेजारच्या एकाने अण्णांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पाय लांब करता यावेत म्हणून. पट्टा लावला. मी त्यांच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले, उतरवलेल्या काचेच्या कडेवर हात ठेवून. गल्लीतले लोक पलीकडच्या बाजूला जमले होते. अण्णा त्यांच्याशी बोलत होते, हात जोडत होते, कुणाच्या पोराला अभ्यास कर म्हणत होते.

"रेखा आली न्हाय?" त्यांनी विचारलं.

"ही काय, तुमच्याजवळच हाय की," मागच्या सीटवरून आक्का म्हणाल्या.

"कुठं?"

"अण्णा, मी इथं," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं. चेहरा उमलला, आणि ते उजवीकडे वळले. गाडी चालवायला बसलेल्या मिलिंदच्या पलीकडे, तिकडच्या माणसांत मला शोधायला लागले. एकेका चेहऱ्यावरून नजर नेत, बाजारात हरवलेलं माणूस शोधावं तसे. मी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांना कळला नाही. मी परत हाक मारली, तशी त्यांची मान आणखी पलीकडे गेली.

मी गाडीच्या मागून वळसा घालून माणसांतून वाट काढत पलीकडे गेले. मिलिंदने इंजिन सुरू केलं होतं. मला बघून तो सीटला पाठ लावून मागे सरकला. मी त्याच्या खिडकीतून वाकले, आणि अण्णांना मी दिसले.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. "लई उशीर केलास की गं."

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "झाला उशीर."